जुनी टूरिंग फ्रेम: स्टिकरवर जाऊ नका, कॅलिपर लावा

वाचकांच्या सायकल-शंका

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: 1970-80 च्या दशकांतली, लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली स्टीलची फ्रेम विकत घ्यायची आहे, पण समोर आहे ती वस्तू नेमकी काय आहे हे कसं ओळखायचं? ही पत्रं इंग्लंड-अमेरिकेतून आली आहेत, तशी पुण्या-मिरजेहूनही आली आहेत.

प्रश्न: इथे एकाने 'डॉझ गॅलक्सी, रेनॉल्ड्स 531' म्हणून फ्रेम विकायला काढली आहे. रंग नवा आहे आणि स्टिकरही नवे दिसतात. खरोखर 531 आहे का, हे रंग न खरवडता कळेल का? (वाचक, लेस्टर)

खात्रीने नाही, पण बरंच जवळ जाता येईल. डॉझ गॅलक्सी ही इंग्लिश टूरिंग सायकल, आणि 531 ही रेनॉल्ड्स या इंग्लिश कंपनीची स्टीलची नळी. तिचे नवे स्टिकर उघडपणे विकत मिळतात, त्यामुळे रंगवलेल्या फ्रेमवरच्या स्टिकरला पुरावा मानू नका. जुना, मूळ रंगावरचा स्टिकर असेल तर मात्र त्यातला मजकूर शब्दन् शब्द वाचा. रेनॉल्ड्सचे वेगवेगळे स्टिकर होते. काहींवर नळ्या, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि मागचे स्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या) असं सगळं 531 असल्याचं लिहिलेलं असे, तर काहींवर फक्त तीन मुख्य नळ्यांची हमी असे. दुसऱ्या प्रकारात चिमटा आणि मागचा त्रिकोण साध्या स्टीलचा असू शकतो. विक्रेते दोन्हींना '531' म्हणूनच खपवतात. 1980 च्या दशकातल्या स्टिकरवर 531ST दिसलं तर ती नळी टूरिंगसाठीची, 531C असेल तर शर्यतीसाठीची. 501 हे वेगळं, स्वस्त क्रोम-मोली आहे. 531 हे मँगेनीज-मॉलिब्डेनम स्टील, 1935 पासूनचं.

आता मोजमाप. सीटची दांडी काढायला लावा आणि तिच्यावर कोरलेला आकडा वाचा. नंतर व्हर्नियर कॅलिपरने सीट ट्यूबचा (ही दांडी जिच्यात बसते त्या नळीचा) बाहेरचा व्यास घ्या. इंग्लिश, इटालियन आणि जपानी फ्रेममध्ये तो 28.6 मिमी असतो. बाहेरच्या व्यासातून दांडीचा व्यास वजा करून दोनने भागलं की वरच्या टोकाशी नळीचा पत्रा किती जाड आहे ते कळतं. 27.2 ची दांडी बसत असेल तर पत्रा साधारण 0.7 मिमी, म्हणजे चांगली बटेड नळी (टोकांना जाड, मध्ये पातळ). 26.8 ला तो 0.9 होतो, म्हणजे बहुधा एकसारख्या जाडीची, पण तरीही बऱ्या दर्जाची नळी. 26.2 च्या खाली आलात की जड, स्वस्त स्टीलची शक्यता वाढते. 25.4 ची दांडी आणि वर 531 चा स्टिकर अशी जोडी दिसली, तर विक्रेत्याला नमस्कार करून निघा.

इथे तीन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे कोणीतरी आधी चुकीची, बारीक दांडी घालून क्लॅम्प आवळलेला असतो. मग लगचे (नळ्या जोडणाऱ्या सांध्याच्या तुकड्याचे) कान आत वळलेले दिसतात आणि दांडीवरचा आकडा खोटा ठरतो. अशा वेळी नळीच्या आत 3-4 सेंमी खाली मोजा. दुसरी फ्रेंच फ्रेमची. तिची सीट ट्यूब बाहेरून 28.0 मिमी असते, त्यामुळे तिथे 26.4 ची दांडी हलक्या नळीचीच खूण आहे. तिसरी म्हणजे 27.2 आलं म्हणून ते रेनॉल्ड्सच, असं नाही. इटालियन कोलंबस एसएल, जपानी टांगे नंबर 2 आणि इशिवाटा 022 या नळ्यांतही तीच दांडी बसते. तुम्हाला चांगली नळी हवी असेल तर यांपैकी काहीही चालेल. फक्त 531 च्या नावाची जादा किंमत मोजू नका.

चिमटा काढता आला तर त्याच्या उभ्या नळीत खालून टॉर्च मारा. आत नागमोडी वळलेले पाच उंचवटे दिसले तर ती त्या काळातली कोलंबस नळी. नळीवर कबुतराचा शिक्काही सापडतो. मागचे ड्रॉपआउट (चाकाचा एक्सल ज्यांच्या खाचेत बसतो ते तुकडे) पाहा. पत्र्यातून कापलेला ड्रॉपआउट सगळीकडे एकाच जाडीचा, सपाट असतो. घडवलेल्या ड्रॉपआउटला एक्सलभोवती उंच कडा असते आणि बहुतेकदा कंपाग्नोलो, सनटूर, शिमानो किंवा ह्युरे असं नाव ठोकलेलं असतं. चांगल्या नळीला पत्र्याचे ड्रॉपआउट लावणारे कारखाने होते, पण जड नळीला महागडे घडीव ड्रॉपआउट लावणारा सापडणं कठीण. म्हणून ही खूण मला स्टिकरपेक्षा भरवशाची वाटते. शेवटी वजन करा. मध्यम मापाची बटेड टूरिंग फ्रेम चिमट्याशिवाय साधारण 2 ते 2.5 किलो भरते. 3 किलोच्या पुढे काटा गेला तर विचारात पडा. टिचकी मारून आवाजावरून नळी ओळखण्याच्या गोष्टी मात्र सोडून द्या.

आणखी एक. गॅलक्सी 1971 मध्ये बाजारात आली आणि पुढे अनेक वर्षं बनत राहिली. वर्षागणिक तिच्या नळ्या आणि ड्रॉपआउट बदलत गेले. त्यामुळे नुसतं 'गॅलक्सी' म्हटल्याने काहीच ठरत नाही.

प्रश्न: फ्रेम टूरिंगची आहे की शर्यतीची, हे विक्रेत्यालाच माहीत नाही. कशावरून ठरवू? (वाचक, न्यू जर्सी)

टेप घ्या आणि बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा धुरा जिथे फिरतो तो भाग) मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत मोजा. 405-415 मिमी आलं तर शर्यतीची, 430 च्या पुढे आलं तर टूरिंगची. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धातली ट्रेक 720 तर 470 च्या घरात जाते. ही लांबी कॅरियरवरच्या पिशव्यांना टाच लागू नये म्हणून असते, आणि सामान एक्सलच्या फार मागे लोंबू नये म्हणूनही. त्यानंतर ड्रॉपआउटवर मडगार्ड आणि कॅरियरसाठी आट्यांची दोन वेगळी भोकं आहेत का, चिमट्याच्या मध्यावर पुढच्या खालच्या कॅरियरची भोकं आहेत का, आणि कँटिलिव्हर ब्रेकचे (दोन वेगळ्या हातांच्या ब्रेकचे) खुंट आहेत का ते बघा. सगळं एकत्र नसलं तरी चालेल. पण मागचे स्टे आखूड असतील तर बाकीच्या भोकांनी काही होत नाही.

कँटिलिव्हरच्या खुंटांमधलं अंतरही टिपून ठेवा. आजचे ब्रेक साधारण 80 मिमी अंतर गृहीत धरून बनतात, जुन्या फ्रेमवर ते 60-70 च्या आसपास असतं. अशा खुंटांवर नवा व्ही-ब्रेक लावला की त्याचे हात उभे राहत नाहीत, बाहेर फाकतात. जुने किंवा जुन्या घडणीचे कँटिलिव्हरच लावा.

प्रश्न: सीरियल नंबरवरून साल काढता येतं का? (वाचक, ठाणे)

काही कंपन्यांचं निघतं. रॅलेच्या 1970 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या नंबरात पहिलं अक्षर कारखान्याचं (N म्हणजे नॉटिंगहॅम, W म्हणजे वर्कसॉप), दुसरं महिन्याचं, आणि त्यापुढचा आकडा सालाचा शेवटचा अंक. म्हणजे 4 हा 1974 ही असेल आणि 1984 ही. दशक सुट्या भागांवरून ठरवायचं.

शिमानोच्या भागांवर मागच्या बाजूला दोन अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं सालाचं, A म्हणजे 1976, B म्हणजे 1977 असं पुढे. दुसरं महिन्याचं, A जानेवारी ते L डिसेंबर. म्हणजे IF असेल तर जून 1984. कंपाग्नोलोच्या जुन्या रेकॉर्ड डिरेलरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) 'पॅट.' पुढे दोन आकडी साल असतं. एका भागावर विसंबू नका. डिरेलर, क्रँक (पायडलचा दांडा), हब (चाकाचा मधला भाग) यांची सालं एक-दीड वर्षाच्या आत जुळली तर सायकल मूळ जुळणीची आहे असं धरायला हरकत नाही. एकच भाग पाच-सहा वर्षांनी नवा निघाला तर तो बदललेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न: भाऊ अमेरिकेहून 1980 च्या दशकातली मियाटा टूरिंग आणतो आहे. चाकं 27×1¼, मागे सहा गिअर. पुण्यात तिला भाग मिळतील का? की फ्रेम ठेवून बाकी सगळं बदलू? (वाचक, पुणे)

फ्रेम उत्तम निवडली आहे. मियाटा आपल्या नळ्या स्वतः बनवत असे आणि युनिव्हेगा या दुसऱ्या ब्रँडच्या ग्रान टुरिस्मोसारख्या सायकलीही मियाटाच्याच कारखान्यातून निघत. जपानी फ्रेमचा मोठा फायदा म्हणजे बीबीचे आटे इंग्लिश मापाचे असतात: 68 मिमी रुंदी, 1.37 इंच × 24 आटे (दर इंचाला). आजची सीलबंद शिमानो बीबी थेट बसते. काढताना उजवा कप उलट आट्यांचा आहे हे विसरू नका, तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पुष्कळ सायकलवाले इथेच पाना उलटा लावून कपाच्या कडा गोल करून ठेवतात.

चाकांचा घोळ नावांमुळे होतो. 27×1¼ च्या रिमचा व्यास 630 मिमी, 700सीचा 622, आणि आपल्या गावाकडच्या 28×1½ सायकलचा 635. तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चालत नाही. टायर घेताना नाव बघू नका, बाजूला छापलेला तीन आकडी अंक बघा. 630 च्या टायरमध्ये लांब प्रवासासाठी चांगला पर्याय शोधणं अवघड जातं, तेव्हा 700सी चाकं बांधून घ्या. त्रिज्येत फरक फक्त 4 मिमी पडतो, तेवढे ब्रेकचे रबर खाली सरकवायचे. तुमच्या सायकलला कँटिलिव्हर असतील तर रबराचा खुंट तिरका करून हे जमतं. कॅलिपर ब्रेक (मधल्या एकाच बोल्टवर बसणारे) असतील तर आधी मोजा: ब्रेकच्या बोल्टपासून नव्या रिमच्या कडेपर्यंतचं अंतर त्या ब्रेकच्या खाचेच्या खालच्या टोकापर्यंत पोचतं का? मोठ्या टायरला आणि मडगार्डला जादा जागा मिळते, हा वर फायदा.

मागच्या ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. पाच गिअरच्या काळात ते 120 मिमी होतं, सहा-सात गिअरला 126, नंतरच्या रोड हबला 130 आणि माउंटन हबला 135. 126 च्या फ्रेममध्ये 130 चा हब हाताने किंचित फाकवून बसतो. पण दर पंक्चरला ती झटापट नको, म्हणून एकदाच स्टे थंड अवस्थेत वाकवून घ्यावेत. स्टीललाच हे चालतं.

पद्धत अशी. आधी एक दोरी उजव्या ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला (चिमट्याची उभी नळी जिच्यात बसते तिला) वळसा घालून डाव्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजून लिहून ठेवा. फरक 1 मिमीच्या आत हवा. फ्रेम आडवी ठेवा, हेड ट्यूब आणि सीट ट्यूबखाली लाकडी ठोकळे द्या. एक स्टे हाताने धरून हळू दाबा, सोडा, मोजा. स्टील मागे येतं, त्यामुळे थोडं जास्त दाबावं लागतं. एक बाजू 2 मिमी झाली की फ्रेम उलटा आणि दुसरी करा. मध्ये आट्यांचा रॉड घालून नट फिरवत दोन्ही बाजू एकदम फाकवायचा मोह होतो, पण मग जी बाजू मऊ तीच सगळी सरकते आणि चाक मध्यरेषेवरून हटतं. शेवटी ड्रॉपआउट एकमेकांना समांतर आहेत ना ते तपासून घ्या. तिरके राहिले तर एक्सल वाकतो आणि पुढे मोडतो. 120 वरून 135 करायचं असेल तर हे घरी करू नका, दोन स्टेंना जोडणारा आडवा पूल सुटू शकतो.

हेडसेट (हेड ट्यूबमधले बेअरिंग) बदलायचा झाला तर जुना फेकण्याआधी चिमट्यावरचा बसका (हेडसेटची खालची कडी जिथे ठोकून बसते तो भाग) मोजा. जपानी मापात तो 27.0 मिमी असतो, युरोपीय दर्जेदार मापात 26.4. चुकीचा हेडसेट एकतर ठोकूनही बसत नाही किंवा सैल फिरतो.

प्रश्न: जुनी प्यूजो अर्ध्या किमतीत मिळते आहे. घेऊ का? (वाचक, पुणे)

पहिलीच फ्रेम असेल तर नको. त्या काळच्या बऱ्याच फ्रेंच फ्रेममध्ये बीबी 35×1 मिमी आट्यांची आणि दोन्ही कप सरळ आट्यांचे, हँडलची दांडी 22.0 मिमी (बाकी जगात 22.2), फ्रीव्हीलचे आटेही वेगळे. 0.2 मिमीसाठी चांगली दांडी घासत बसावं लागतं. 1980 च्या दशकात प्यूजो इंग्लिश आट्यांकडे वळली. कपावर 1.37×24 कोरलेलं फोटोत दिसलं तर पुन्हा विचार करा. इटालियन फ्रेम असेल तर बीबीच्या नळीची रुंदी 70 मिमी आणि आटे 36 मिमी × 24. तिथेही दोन्ही कप सरळ आट्यांचे, पण भाग आजही नवे मिळतात.

प्रश्न: फोटोंवरून फ्रेम घ्यायची तर कोणते फोटो मागवू? (वाचक, लीड्स)

अख्ख्या सायकलचा देखणा फोटो काहीच सांगत नाही. मागवा ते असे: हेड ट्यूबच्या लगेच मागे वरच्या आणि खालच्या नळीचा खालचा भाग (अगदी जवळून), चिमटा (बरोबर बाजूने), दोन्ही ड्रॉपआउट, बीबीचं तळ (नंबरासह), सीट लगचा मागचा भाग, आणि मागच्या ड्रॉपआउटच्या आत धरलेली टेप.

समोरून आदळलेल्या सायकलमध्ये हेड लगच्या मागे 3 ते 6 सेंमीवर नळीच्या खालच्या बाजूला सुरकुती किंवा फुगवटा येतो, रंगाला आडव्या भेगा पडतात. हातात सायकल असेल तर डोळ्यांपेक्षा बोट फिरवून लवकर कळतं. चिमटा बाजूने पाहिल्यावर वरचा सरळ भाग हेड ट्यूबच्या रेषेत हवा. तो मागे झुकलेला असेल तर धडक झालेली आहे. नुसता चिमटा वाकला असेल तर चांगला फ्रेम-कारागीर सरळ करतो. हेड लगमागे नळी दुमडली असेल तर फ्रेम भिंतीवर टांगायच्या किमतीतच घ्या. वरच्या नळीवर हँडल आपटून पडलेला छोटा पोचा दिसायला वाईट, पण चालतो.

भेगा शोधायच्या जागा: उजव्या ड्रॉपआउटचा सांधा, सीट लगचा बोल्ट, आणि बीबीजवळ चेनस्टेचं (बीबीकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या स्टेचं) तोंड. भेग सापडली आणि तरी फ्रेम घ्यायचीच असली, तर ती गल्लीतल्या आर्क किंवा टिग वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. 531 ही कमी तापमानाच्या पितळी किंवा चांदीच्या ब्रेझिंगसाठी बनवलेली नळी आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या शेजारचा पत्रा ठिसूळ होतो आणि पुढची भेग तिथेच येते.

प्रश्न: फ्रेम मिळाली, पण अ‍ॅल्युमिनियमची सीटची दांडी आत घट्ट धरली आहे. (वाचक, रत्नागिरी)

समुद्रकाठी हे होणारच. स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि खारी ओल एकत्र आली की अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड फुगतं आणि दांडी आवळली जाते.

क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढून टाका, नुसता सैल करू नका. बीबी काढा, फ्रेम उलटी करा आणि बीबीच्या भोकातून सीट ट्यूबमध्ये भेदक तेल सोडा. दोन-तीन दिवस ठेवा, मध्ये मध्ये वरूनही तेल द्या. मग दांडीचं डोकं मोठ्या, टेबलाला पक्क्या बसवलेल्या वाइसमध्ये घट्ट धरा आणि फ्रेमच हँडलसारखी फिरवा. फ्रेमची लांबी हाच तुमचा पाना. दांडी वाया गेली असं आधीच धरून चाला. फिरवताना आधी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करा. एकाच दिशेने जोर लावून सीट ट्यूब पिळू नका.

नाही सुटली तर तापमानाचा खेळ करा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण-आकुंचन पावतं. दांडीत बर्फ भरून ती थंड केली की किंचित आकसते. तेही निष्फळ ठरलं तर दांडी वरून कापा, आत हॅकसॉचं पातं घालून उभी चीर पाडा आणि पक्कडीने आत वळवून काढा. यात घाई केली की पातं नळीत शिरतं. कॉस्टिक सोडा हा शेवटचा उपाय आहे. तो अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो, स्टीलला काही करत नाही, पण रंग खातो, कातडी आणि डोळे जाळतो आणि हायड्रोजन वायू सोडतो. चष्मा, रबरी हातमोजे, उघडी जागा, जवळ ज्योत नाही आणि ओतायचं तोंड सोडून नळीची बाकीची सगळी भोकं बुचांनी बंद, एवढं जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दांडी निघाल्यावर नळीत डबल बॉइल्ड जवस तेल फिरवा (रंगाच्या दुकानात मिळतं), फ्रेम सगळीकडून कलती करा आणि दोन-तीन दिवस निथळू द्या. आतला गंज थांबवायला तेवढं पुरतं. नवी दांडी ग्रीस लावून घाला आणि दर वर्षी पावसाळ्याआधी एकदा काढून पुन्हा ग्रीस करा.

प्रश्न: मापाचं काय? जाहिरातीत 23 इंच लिहिलं आहे. माझी उंची 5 फूट 6 इंच. (वाचक, लेस्टर)

मोठी आहे. इंग्लिश माप बीबीच्या मध्यापासून सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत धरतात, म्हणजे 23 इंच = 58.4 सेंमी. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा आणि 0.66 ने गुणा. 80 सेंमी असेल तर 53 च्या आसपास येतं, पण हे मध्य ते मध्य माप आहे. वरच्या टोकापर्यंत दीड सेंमी वाढवा. तुम्हाला 21 किंवा 21½ इंची हवी.

प्रश्न: आजोबांची 'मेड इन इंग्लंड' रॅले आहे, रॉड ब्रेकची. तिला गिअर लावून टूरिंग करता येईल का? (वाचक, मिरज)

करू नका. आधी ती खरी इंग्लिश आहे का ते पाहा. भारतातही आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात रॅले बनत. चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी कापलेली असतील तर ती रॅलेची, माणसांच्या आकृत्या असतील तर हंबर या दुसऱ्या इंग्लिश नावाची. मागचा हब स्टर्मी-आर्चरचा असेल तर त्याच्या कवचावर महिना आणि साल ठोकलेलं असतं. हब बदललेला नसेल तर तोच तुमचा जन्मदाखला. रॅलेचे बीबी आणि हेडसेटचे आटे 24 ऐवजी 26 चे असतात, त्यामुळे आधुनिक भाग बसत नाहीत. बसवायचेच म्हणून नवे आटे पाडले तर सायकल कायमची बिघडते. 635 चे टायर तालुक्याच्या गावीही मिळतात, चालवायची तर आहे तशीच चालवा.

प्रश्न: परदेशातून एकटी फ्रेम पाठवताना काय काळजी घ्यावी? (वाचक, न्यू जर्सी)

मागच्या ड्रॉपआउटमध्ये जुना एक्सल किंवा आट्यांचा रॉड दोन्ही बाजूंनी नट लावून, मूळ अंतर राखून बसवा. चिमट्यातही तसाच, 100 मिमीवर. खोक्यावर वजन पडून स्टे चेपण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत, म्हणून कुरिअरने पाठवण्याआधी कस्टम्सचा त्या वेळचा नियम विचारून घ्या. कोणी येणारं असेल तर सामानातून आणणं सोपं पडतं. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंमीच्या वर गेली की बहुतेक विमान कंपन्या जादा शुल्क लावतात, आणि फ्रेमचं खोकं सहसा वर जातंच. चिमटा काढून फ्रेमला समांतर बांधला तर थोडं कमी होतं.